मोजलेलें उड्डाण : विद्यार्थ्यांच्या ग्लायडर-चढाओढींचा इतिहास

आकाशांत फिरणारी घार पाहून ज्याला विस्मय वाटला नाहीं असा मनुष्य विरळा. रत्नागिरीच्या किल्ल्याखालीं समुद्राकडून वारा सुटला आणि तो कड्यावर आदळून वर चढूं लागला म्हणजे घारी पंख न हलवितां बराच वेळ अधांतरी राहतात. पंख हलत नाहींत, बळ खर्च होत नाहीं, आणि तरी पक्षी खालीं पडत नाहीं, हें कसें घडतें, हा प्रश्न मनुष्यानें फार प्राचीन काळापासून स्वतःस विचारला आहे. त्याचीं उत्तरें दोन प्रकारांनीं दिलीं गेलीं. पहिला प्रकार कथेचा. आपल्याकडे पुष्पक विमानाची कथा आहे. ग्रीक लोकांत मेणाचे पंख लावून सूर्याकडे झेपावणाऱ्या मुलाची आहे. दुसरा प्रकार मोजमापाचा. हा दुसरा प्रकार पुष्कळ उशिरां, म्हणजे सुमारें सवादोनशें वर्षांपूर्वीं सुरू झाला. आणि त्याचा आरंभ एका खेळण्यासारख्या लहान यंत्रापासून झाला, ही गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे.

तें यंत्र म्हणजे इंजिनावांचून उडणारें लहानसें विमान. त्यास आज मराठी शाळेंतला मुलगाही ग्लायडर या इंग्रजी नांवानेंच ओळखतो. अशीं ग्लायडरें स्वतःच्या हातांनीं करून मोकळ्या मैदानांत उडविण्याच्या विद्यार्थ्यांच्या चढाओढी अनेक देशांत होतात व आपल्या देशांतही होतात. वाटेनें जाणाऱ्यास तो पोरखेळ वाटतो. परंतु या पोरखेळाचा इतिहास चाळला तर विमानविद्येच्या इतिहासाचा मोठा भाग त्यांत सांपडतो. शिवाय, सांगितलेलें उड्डाण आणि मोजलेलें उड्डाण यांतील भेद या खेळाइतका स्पष्टपणें दुसरें कांहींच दाखवीत नाहीं. तो भेद ओळखण्याची गरज महाराष्ट्रास विशेष आहे. ती कां, हें पुढें येईल.

प्रथम या यंत्राची रीत समजून घेतली पाहिजे. शांत हवेंत ग्लायडर वर चढत नसतें. तें सतत खालींच येत असतें. फरक इतकाच कीं, दगड जसा सरळ खालीं येतो तसें तें न येतां, उतारावरून घसरत आल्याप्रमाणें पुढें पुढें सरकत खालीं येतें. उतार जितका सौम्य, तितकें ग्लायडर चांगलें. एक मीटर खालीं येतांना तें आठदहा मीटर पुढें गेलें, तर शाळकरी मुलाच्या हातचें काम म्हणून तें उत्तम समजावें. पुढें जाण्याच्या वेगामुळें पंखांस हवेचा आधार मिळतो. वेग संपला कीं आधारही संपला. नाकाकडचा भाग हलका राहिला तर ग्लायडर नाक वर करतें, वेग गमावतें, क्षणभर थबकतें आणि मग डोकें खालीं घालून कोसळतें. नाक फार जड झालें तर तें बाणासारखें जमिनींत घुसतें. या दोहोंमधला तोल साधणें हीच मुख्य विद्या. त्यासाठीं नाकाशीं शिशाचा किंवा मेणाचा गोळा लावतात, आणि तो तांदळाच्या दाण्याएवढा कमीजास्त करीत तोल आणतात. दोन्ही पंख टोकांकडे किंचित वर उचललेले असतात. त्यामुळें वाऱ्याच्या झोतानें एक बाजू कलली तरी विमान आपोआप सांवरतें. मागची उभी पट्टी होडीच्या सुकाणूचें काम करते; आडवी शेपटी नाकास वरखालीं होऊं देत नाहीं. समुद्रकांठच्या मुलास होडीचें सुकाणू ठाऊक असतें, आणि पतंगाची कणी कशी बांधावी हेंही ठाऊक असतें. म्हणजे यांतलें बरेंचसें त्याला आधींच येत असतें.

हा तोल ज्यानें प्रथम शास्त्ररीतीनें समजून घेतला तो सर जॉर्ज केली हा इंग्लंडांतील यॉर्कशायर परगण्याचा जमीनदार. १८०४ सालीं त्यानें सुमारें पांच फूट लांबीची एक काठी घेतली. तिच्या पुढच्या भागीं पतंग पंखासारखा बसविला, मागें हलवितां येईल अशी शेपटी लावली, आणि तोल साधण्यासाठीं पुढेंमागें सरकवितां येईल असें वजन बसविलें. टेकडीच्या माथ्यावरून सोडल्यावर हें यंत्र डौलानें खालीं तरंगत गेलें. आजचा विद्यार्थी जें ग्लायडर करतो त्याचे सर्व मुख्य अवयव या यंत्रांत होते. १८०९ आणि १८१० सालीं केलीनें आपले निबंध प्रसिद्ध केले. पक्षी जें काम पंख फडफडवून एकदम करतो त्याचे दोन भाग करावे, उचलून धरण्याचें काम स्थिर पंखाकडे द्यावें आणि पुढें ढकलण्याचें काम वेगळ्या यंत्राकडे द्यावें, हा त्याचा विचार. पुढील सर्व विमानें या एका विचारावर उभीं राहिलीं. म्हातारपणीं, १८४९ सालीं, त्यानें एक मोठें ग्लायडर बांधलें आणि त्यांत सुमारें दहा वर्षांच्या एका मुलास बसविलें. तो मुलगा कांहीं यार्ड अंतर जमिनीवरून अधांतरी गेला. त्याचें नांव इतिहासानें राखलें नाहीं. परंतु हवेहून जड अशा यंत्रांतून जमीन सोडणाऱ्या पहिल्या माणसांत एक शाळकरी वयाचा मुलगा होता, एवढें मात्र नोंदलेलें आहे.

केलीनंतर हें लहान यंत्र पॅरिसला गेलें. अल्फोंस पेनो या तरुण फ्रेंच माणसानें १८७१ सालच्या १८ ऑगस्टला त्या शहरांतील तुइलरी बागेंत पिळलेल्या रबराच्या जोरावर चालणारें एक लहान विमान उडवून दाखविलें. तें सुमारें ४० मीटर गेलें आणि ११ सेकंद हवेंत राहिलें. ११ सेकंद म्हणजे कांहींच नव्हे असें कोणास वाटेल. पण हे ११ सेकंद माणसांसमक्ष मोजलेले होते, म्हणून ते आज दीडशें वर्षांनंतरही उभे आहेत. पेनोनें रबरावर उडणारें भिंगरीसारखें एक खेळणेंही काढलें होतें. त्याच धर्तीचें एक खेळणें अमेरिकेंतील एका धर्मोपदेशकानें १८७८ सालीं आपल्या दोन लहान मुलांसाठीं घरीं आणलें. त्या मुलांचीं नांवें विल्बर आणि ऑर्व्हिल राइट. खेळणें मोडलें तेव्हां त्यांनीं तसेंच दुसरें करून पाहिलें. वडिलांनीं आणलेल्या त्या खेळण्यापासूनच आपणांस उड्डाणाची गोडी लागली, असें ते पुढें मोठेपणीं सांगत.

राइट बंधूंची पुढील हकीकत सर्वांस ठाऊक आहे. परंतु तींतला एक भाग क्वचितच सांगितला जातो. त्यांच्यापूर्वीं ऑटो लिलिएन्ताल या जर्मन गृहस्थानें १८९१ पासून १८९६ पर्यंत, म्हणजे पडून मरण येईपर्यंत, आपल्या ग्लायडरांनीं सुमारें दोन हजार वेळां टेकडीवरून उड्डाण केलें होतें, आणि पंखावर हवेचा दाब किती पडतो याचीं कोष्टकें प्रसिद्ध केलीं होतीं. राइट बंधूंनीं त्या काळच्या उपलब्ध आंकड्यांवर भरंवसा ठेवून १९०१ सालीं ग्लायडर बांधलें. तें अपेक्षेइतकें उचललें जाईना. तेव्हां त्यांनीं कोणास दोष दिला नाहीं, कीं आपलें ग्लायडर उत्तम उडालें असेंही सांगितलें नाहीं. त्यांनीं सहा फूट लांबीची एक लांकडी पेटी केली, तींतून पंख्यानें वारा सोडला, आणि पत्र्याचे सुमारें दोनशें लहान लहान पंख त्या वाऱ्यांत धरून प्रत्येकाचें बळ मोजलें. त्या मोजमापांवरून १९०२ सालचें ग्लायडर झालें, आणि त्यानें शेंकडों उड्डाणें केलीं. मगच १७ डिसेंबर १९०३ हा दिवस उजाडला. त्या दिवशींचें पहिलें उड्डाण १२ सेकंदांचें व १२० फुटांचें होतें. शेवटचें ५९ सेकंदांचें व ८५२ फुटांचें. पांच माणसें साक्षीला होतीं आणि एक छायाचित्र घेतलें गेलें. जगाच्या इतिहासांत त्या दिवसाला जें स्थान मिळालें तें त्या उड्डाणाच्या भव्यतेमुळें नव्हे, तर त्याच्या नोंदीमुळें.

मात्र लहान यंत्र उडालें म्हणजे मोठें उडेलच, असें नाहीं. अमेरिकेंतील विख्यात शास्त्रज्ञ सॅम्युएल लँग्ली यानें वाफेवर चालणारें, मनुष्यविरहित असें एक मध्यम आकाराचें विमान ६ मे १८९६ रोजीं उडविलें. तें सुमारें एक किलोमीटर गेलें. त्या यशावर विसंबून त्यानें तसेंच मोठें, मनुष्य बसेल असें विमान बांधलें. तें १९०३ सालच्या ऑक्टोबरांत व डिसेंबरांत दोन्ही वेळां नदीच्या पाण्यांत पडलें. नमुना दुप्पट केला तर पंखाचें क्षेत्रफळ चौपट होतें, पण वजन आठपट होतें, आणि मजबुती त्या प्रमाणांत वाढत नाहीं. लहान नमुना खोटें बोलत नाहीं. परंतु जेवढें विचारावें तेवढ्याचेंच उत्तर तो देतो. हा धडाही मुलांच्या मैदानांत मिळतो. हातभर लांबीचें उत्तम ग्लायडर पाहून कोणी विद्यार्थी त्याच आराखड्यावर दुप्पट मोठें करतो आणि त्याचे पंख पहिल्याच फेंकींत वांकतात.

नमुन्यांच्या चढाओढींचा आरंभ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांतला. १९०७ सालीं लंडनच्या एका वर्तमानपत्रानें लहान विमानांच्या चढाओढीसाठीं २५० पौंडांचीं बक्षिसें जाहीर केलीं. अनेकांनीं तऱ्हेतऱ्हेचीं विमानें आणलीं; त्यांपैकीं बहुतेकांना उडतांच येईना. ए. व्ही. रो नांवाच्या तरुणाचें रबरावर चालणारें विमान शंभर फुटांहून अधिक गेलें व तें सर्वांत सरस ठरलें. तरीही परीक्षकांनीं ठरलेलें पूर्ण बक्षीस दिलें नाहीं. ७५ पौंड तेवढे दिले. रोनें त्या पैशांत भर घालून खरें विमान बांधण्यास आरंभ केला, आणि पुढें त्याच्या नांवाचा मोठा कारखाना इंग्लंडांत उभा राहिला. परीक्षकांचा कडकपणा त्या वेळीं त्यास झोंबला असेल. पण चढाओढ ही कौतुकाची सभा नव्हे, हें त्यांनीं पहिल्याच खेपेस दाखवून दिलें.

विद्यार्थ्यांच्या चढाओढींची खरी जन्मभूमि जर्मनी होय. डार्मस्टाट शहरांतील कांहीं शाळकरी मुलांनीं १९०९ सालीं आपली उड्डाणमंडळी काढली. पुस्तकांवरून शिकत, बांबू, लांकूड आणि कापड जमवीत त्यांनीं एकामागून एक ग्लायडरें बांधलीं. मोडलीं तीं दुरुस्त केलीं. आणि सुटींत सामान घेऊन तीं वासरकुप्पे नांवाच्या बोडक्या डोंगरावर जाऊं लागलीं. १९१२ सालच्या उन्हाळ्यांत त्यांच्यापैकीं हान्स गुटरमुथ यानें मंडळीच्या दहाव्या ग्लायडरांत बसून ८३८ मीटर अंतर तोडलें. त्यास १ मिनिट ५२ सेकंद लागले. दहाव्या ग्लायडरांत, हें शब्द महत्त्वाचे आहेत. कारण आधींच्या नवांनीं जें शिकविलें त्यावर दहावें उडालें. दोन वर्षांत महायुद्ध सुरू झालें, आणि त्या मुलांपैकीं अनेक जण परत आले नाहींत. गुटरमुथही युद्धांतच गेला.

युद्धानंतरच्या तहानें जर्मनीवर इंजिनाच्या विमानांबाबत कडक निर्बंध घातले. इंजिन नाहीं तर नाहीं, असें म्हणून तेथील विद्यार्थी पुन्हां त्याच डोंगराकडे वळले. १९२० सालीं ऑस्कर उर्सिनस या संपादकाच्या पुढाकारानें वासरकुप्पेवर पहिली मोठी ग्लायडर-चढाओढ भरली. त्या वर्षीं आखेनच्या विद्यापीठांतून आलेला क्लेम्पेरर पहिला आला. त्याचें सर्वांत मोठें उड्डाण अडीच मिनिटांचेंही नव्हतें. अवघ्या दोन वर्षांनीं, १९२२ च्या ऑगस्टांत, हानोव्हरच्या विद्यार्थ्यांच्या 'व्हॅम्पायर' नांवाच्या ग्लायडरांत हेन्त्सेन हा तीन तासांहून अधिक काळ हवेंत राहिला. डोंगरावर आदळून वर चढणाऱ्या वाऱ्यावर स्वार होण्याची घारीची युक्ति माणसास साधली होती. ती साधली याचें एक कारण असें कीं, दरवर्षीं तेच लोक, त्याच डोंगरावर, एकमेकांसमक्ष, घड्याळ लावून उडत होते. कोणाचें गुपित गुपित राहत नव्हतें आणि कोणाची बढाई टिकत नव्हती.

या गोष्टीस एक काळी बाजूही आहे. १९३३ नंतर जर्मनींत जें राज्य आलें त्यानें मुलांच्या या मंडळ्या ताब्यांत घेतल्या, शाळांतून नमुना-विमानें करण्याचें शिक्षण सुरू केलें, आणि त्यांतून आपल्या लढाऊ विमानांसाठीं तरुण तयार केले. डोंगरावरचा खेळ पुन्हां एकदां रणांगणावर नेला गेला. त्यांत ग्लायडरचा दोष नाहीं. पण मुलांच्या हौसेचा उपयोग कोण कशासाठीं करून घेतो, याकडे शिक्षकांनीं व पालकांनीं डोळे उघडे ठेवून पाहिलें पाहिजे, एवढा बोध त्यांतून निघतो.

आतां महाराष्ट्राकडे वळूं. उड्डाणाचा विषय निघाला कीं महाराष्ट्रांत शिवकर बापूजी तळपदे यांचें नांव निघतेंच. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत शिकविणाऱ्या या संस्कृतप्रेमी गृहस्थांनीं एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विमान करण्याचा ध्यास घेतला होता. १८९५ सालीं त्यांचें 'मरुत्सखा' नांवाचें विमान मुंबईच्या चौपाटीवर उडालें, तें राइट बंधूंच्या आधीं उडालें, असें पुष्कळ जण अभिमानानें सांगतात. तें पंधराशें फूट उंच गेलें, मोठमोठे लोक पाहण्यास आले होते, असा तपशीलही सांगण्यांत येतो. परंतु हें सारें मागाहूनच्या सांगण्यावर उभें आहे. त्या दिवशीं किती सेकंद झाले, किती फूट अंतर गेलें, कोणी मोजलें आणि कोठें टिपून ठेवलें, याचा पुरावा अभ्यासकांपुढें आलेला नाहीं. या कथेशीं ज्या 'वैमानिकशास्त्र' नांवाच्या संस्कृत ग्रंथाचें नातें जोडतात, त्याचा अभ्यास बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेंतील पांच शास्त्रज्ञांनीं केला आणि १९७४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केला. तो ग्रंथ प्राचीन नसून विसाव्या शतकाच्या आरंभींचा आहे, आणि त्यांत वर्णिलेलीं विमानें उडूं शकणार नाहींत, असें त्यांचें म्हणणें पडलें. तरीही वाद शमला नाहीं. २०१५ सालच्या जानेवारींत मुंबईस भरलेल्या भारतीय विज्ञान परिषदेंत प्राचीन विमानविद्येवरील एका निबंधावरून तो पुन्हां पेटला.

यांत तळपदे यांचा अपमान करण्याचें कारण नाहीं. ज्या काळीं आपल्या लोकांस यंत्रशाळेंत प्रवेश दुर्मिळ होता, त्या काळीं एका मराठी माणसानें विमानाचा ध्यास घेतला, हीच गोष्ट आदरास पात्र आहे. परंतु आदर एक आणि प्रमाण एक. ज्या पेनोला ११ सेकंद मिळाले, त्याचे ते कोणीही हिरावून घेऊं शकत नाहीं. आणि ज्यास पंधराशें फूट दिले गेले, त्याच्या पदरीं मोजलेला एकही फूट राहिलेला नाहीं. आपल्या पूर्वजांची खरी उपेक्षा त्यांच्यावर शंका घेणाऱ्यांनीं केली नाहीं. त्यांची नोंद न ठेवणाऱ्यांनीं केली.

मोजलेल्या उड्डाणांचा मराठी इतिहासही आहे, आणि तो लहान नाहीं. सोलापूरचे वालचंद हिराचंद यांनीं १९४० सालच्या डिसेंबरांत बंगलोर येथें विमानांचा कारखाना काढला. त्या कारखान्यांत आलेले डॉ. विष्णु माधव घाटगे हे कोल्हापूरकडच्या एका खेड्यांत जन्मलेले. त्यांनीं जर्मनींत गॉटिंगेन येथें प्रांट्ल या जगद्विख्यात पंडिताच्या हाताखालीं विद्या केली होती. त्या गांवच्या प्रयोगशाळेंत पेटींतल्या वाऱ्यांत लहान नमुने धरून मोजमाप करण्याची विद्या पूर्णतेस पोंचली होती. घाटगे यांच्या नेतृत्वाखालीं या कारखान्यांत १९४१ सालीं जें पहिलें विमान तयार झालें तें दहा माणसें बसतील असें ग्लायडर होतें. पुढें त्यांच्याच आराखड्याचें 'एच. टी. २' हें शिकाऊ विमान १९५१ सालीं उडालें, आणि त्यावर वैमानिकांच्या अनेक तुकड्या शिकल्या. स्वातंत्र्यानंतर पुण्यास नागरी विमानखात्याचें ग्लायडिंग केंद्र उभें राहिलें. देशांतच आंखलेलीं 'अश्विनी' आणि 'रोहिणी' हीं लांकडी ग्लायडरें १९५८ व १९६१ सालीं उडालीं. या सर्वांच्या मुळाशीं ग्रंथप्रामाण्य नव्हते. तराजू, फूटपट्टी आणि घड्याळ होतें.

शाळा-कॉलेजांतील मुलांपर्यंत ही विद्या मुख्यतः राष्ट्रीय छात्रसेनेच्या मार्गानें पोंचली. छात्रसेनेची वायुशाखा १ एप्रिल १९५० रोजीं मुंबई व कलकत्ता या दोन शहरांतून सुरू झाली, आणि तिच्या शिक्षणांत नमुना-विमानें करणें व उडविणें या विषयास स्थान मिळालें. रत्नागिरींत छात्रसेनेचें पथक आहे तें नौदल शाखेचें. समुद्रकांठच्या गांवीं तें स्वाभाविकच आहे. तेथें मुलें जहाजांचे नमुने करतात. पण ज्याच्या हातांस जहाजाचा नमुना तासण्याची सवय आहे, त्याला विमानाचा पंख तासणें अवघड नाहीं. रत्नागिरीस हातकामाच्या शिक्षणाची परंपराही जुनी आहे. १८८० सालीं छापलेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरांतही तेथील औद्योगिक शाळेची नोंद सांपडते.

चढाओढीची रीत साधी आहे. जगाच्या चढाओढींत ग्लायडर ५० मीटर लांबीच्या दोरीनें पतंगाप्रमाणें वर ओढून सोडतात. पंख व शेपटी मिळून क्षेत्रफळ ३२ ते ३४ चौरस डेसिमीटर असावें लागतें आणि वजन ४१० ग्रॅमहून कमी चालत नाहीं. शाळेच्या चढाओढींत दोरी पुष्कळच आंखूड ठेवतात, किंवा नुसतें हातानें फेंकतात. दोरी सुटल्याबरोबर घड्याळ सुरू होतें आणि ग्लायडर जमिनीस टेकल्यावर थांबतें. एकच उड्डाण धरीत नाहींत. अनेक उड्डाणांची बेरीज करतात, कारण एखादे वेळीं तापलेल्या जमिनीवरून वर चढणारी उष्ण हवा सांपडली तर वाईट ग्लायडरही दैवयोगानें बराच वेळ तरंगतें. जगाच्या चढाओढींत एका उड्डाणाचे सामान्यतः तीन मिनिटांहून अधिक गुण मोजीतच नाहींत. दैवास जितका वाव कमी, तितकें श्रमास मोल अधिक.

सामानही फारसें महाग नको. परदेशीं यासाठीं दक्षिण अमेरिकेंतलें बाल्सा नांवाचें लांकूड वापरतात. तें पाण्याच्या साधारण सहाव्या हिश्शाइतकें हलकें असतें. तें न मिळालें म्हणून अडत नाहीं. कोंकणांत पांगाऱ्याचें हलकें लांकूड आहे, बाशिंगें ज्याचीं करतात तें भेंड आहे, आणि बांबूची कामटी तर घरोघर आहे. कामटीचा कणा, भेंडाच्या पट्ट्या, वर पतंगाचा कागद आणि खळ, एवढ्यावर ग्लायडर उडतें. एक मात्र जपावें लागतें. दोन्ही पंख वजनानें व आकारानें सारखे हवेत. एका पंखाला पीळ पडला कीं विमान चक्राकार फिरत खालीं येतें. मोजून न केलेली वस्तु मैदानांत लगेच उघडी पडते.

रत्नागिरीच्या मैदानाचें शास्त्रही वाऱ्याचें आहे. पहाटे जमिनीवरून समुद्राकडे मतलई वारा वाहतो. दुपारीं तो फिरून समुद्राकडून खारा वारा सुटतो. मधल्या वेळीं कांहीं काळ हवा स्तब्ध असते. मतलई वाऱ्यावर किनाऱ्याजवळ सोडलेलें ग्लायडर समुद्रांत जावयाचें, आणि दुपारच्या वाऱ्यावर सोडलेलें आंब्याच्या बागांत अडकावयाचें. यास्तव सकाळची ती स्तब्ध वेळ साधावी, आणि किनाऱ्यापासून दूर, आंतल्या सड्यावर जावें. पावसाळा संपल्यावर सड्यावर गवत असतें तों नमुने कमी मोडतात. तें जळून गेलें कीं खालचा जांभा दगड कोणाची भीड धरीत नाहीं.

अशा चढाओढींत मुलगा जें शिकतो तें परीक्षेच्या कागदावर उतरत नाहीं. आपलें ग्लायडर सर्वांहून सुंदर दिसलें, मित्रांनीं टाळ्या वाजविल्या, आणि घड्याळानें मात्र नऊच सेकंद दाखविले. दुसऱ्याचें ओबडधोबड ग्लायडर मात्र वीस सेकंद राहिलें. त्या क्षणीं त्याच्यापुढें दोन वाटा असतात. घड्याळ चुकलें, वारा आडवा आला, परीक्षक पक्षपाती, असें म्हणत घरीं जाणें ही एक वाट; आणि गुडघ्यावर बसून नाकावरचें शिसें तांदळाच्या दाण्याएवढें काढून पुन्हां रांगेंत उभें राहणें ही दुसरी. राइट बंधूंनीं १९०१ सालीं दुसरी वाट धरली. डार्मस्टाटच्या मुलांनीं ती दहा वेळां धरली. व्यक्तीप्रमाणेंच समाजापुढेंही याच दोन वाटा असतात, आणि पहिली नेहमींच सोपी दिसते.

म्हणून ज्या शाळेंत अशी चढाओढ होईल त्या शाळेनें बक्षिसाच्या पेल्यापेक्षां एका वहीची काळजी अधिक घ्यावी. तींत प्रत्येक मुलाचें नांव, ग्लायडरचें वजन, पंखांची लांबी, त्या दिवशींचा वारा आणि प्रत्येक उड्डाणाचे सेकंद लिहावे. जें पडलें त्याचेही लिहावे. पुढच्या वर्षींच्या मुलांनीं ती वही उघडून तेथूनच आरंभ करावा. शंभर वर्षांनंतर कोणी विचारील कीं रत्नागिरीच्या सड्यावर मुलांनीं विमानें उडविलीं होतीं काय, तर त्यास कथा सांगावी लागूं नये. वही काढून पुढें ठेवतां यावी.